‘तर’ आणि ‘तम’ : व्यक्तिरेखांच्या श्रेष्ठकनिष्ठतेचा प्रश्न

‘सिंधूपेक्षा कौतिक अधिक आवडते’ आणि ‘सिंधूपेक्षा कौतिक ही श्रेष्ठ व्यक्तिरेखा आहे’ ही दोन विधाने वरवर पाहता एकाच गोष्टीची दोन रूपे वाटतात. पहिल्या विधानाला कोणी आव्हान देत नाही. फार तर ‘का?’ असे विचारील. दुसऱ्या विधानासाठी मात्र लगेच पुरावा मागितला जातो, आणि पुरावा देता देता बोलणारा थकला की तो पहिल्या विधानाच्या आश्रयाला येतो. शेवटी हा आवडीनिवडीचा प्रश्न आहे, असे म्हणून वाद मिटवला जातो. वाद मिटतो, प्रश्न मिटत नाही. कारण आपल्या आवडत्या पात्राला कोणी हिणवले तर जो राग येतो, तो आपल्या आवडत्या भाजीला कोणी नावे ठेवली असता येत नाही. हा राग अनाठायी असेल. पण केवळ आवडीपुरतेच काही पणाला लागलेले असते, तर तो आलाच नसता.

राम गणेश गडकरी यांच्या ‘एकच प्याला’ (१९१९) या नाटकातील सिंधू आणि उद्धव शेळके यांच्या ‘धग’ (१९६०) या कादंबरीतील कौतिक यांना येथे एकत्र आणण्याचे कारण उघड आहे. दोघी संसार करणाऱ्या, दोघींचे नवरे निकामी, दोघी राबतात, दोघींच्या वाट्याला ऱ्हासच येतो. इतके साम्य असल्याशिवाय तुलनेला अर्थ राहत नाही. मात्र व्यक्तिरेखांची क्रमवारी लावू पाहणारा येथे थांबत नाही. त्याला सिंधू आणि कौतिक यांच्या बरोबरीने तळीराम, ‘कोसला’तील पांडुरंग सांगवीकर, ‘रणांगण’मधील हॅर्टा ही सर्व पात्रे एकाच शिडीच्या पायऱ्यांवर उभी करावयाची असतात. मराठीत या व्यवहारासाठी ‘तारतम्य’ हा फार नेमका शब्द आहे. ‘तर’ आणि ‘तम’ या दोन संस्कृत प्रत्ययांपासून तो बनला. ‘श्रेष्ठतर’ म्हणता येण्यासाठी दोन वस्तू पुरतात. ‘श्रेष्ठतम’ म्हणण्यासाठी सर्व वस्तू एका रांगेत लागाव्या लागतात. व्यक्तिरेखांच्या बाबतीत ‘तर’ अनेकदा सिद्ध करता येते, ‘तम’ जवळजवळ कधीच येत नाही, आणि तरीही ‘तम’ अशक्य आहे म्हणून ‘तर’ही केवळ आवडीचे ठरत नाही, अशी भूमिका येथे मांडावयाची आहे.

पात्रांना प्रतवारी लावण्याची खोड नवी नाही. नाट्यशास्त्रात स्त्रीपुरुषांच्या प्रकृती उत्तम, मध्यम आणि अधम अशा त्रिविध सांगितल्या आहेत. दहाव्या शतकातील धनंजयाच्या ‘दशरूपका’त नायकाचे धीरोदात्त, धीरललित, धीरप्रशांत आणि धीरोद्धत असे चार प्रकार येतात. या विभागणीकडे नीट पाहिले असता असे दिसते की तेथे प्रतवारी माणसांची लावलेली आहे, पात्रचित्रणाची नव्हे. उत्तम प्रकृतीचा पुरुष संस्कृत बोलतो. स्त्रिया आणि खालच्या थरातील पात्रे सामान्यतः प्राकृतात बोलतात. म्हणजे पात्र तोंड उघडते त्याच क्षणी त्याची पायरी कळते. परंतु ही पायरी आणि पात्राचे नाट्यगत सामर्थ्य यांचा मेळ बसत नाही, याची साक्ष त्याच परंपरेतील एका थोर नाटकाने देऊन ठेवली आहे. ‘मृच्छकटिका’तील शकार हा प्रकृतीने अधम; मूर्ख, क्रूर, आढ्यतेखोर. पण नाटक वाचून बाजूला ठेवल्यावर चारुदत्ताच्या सौजन्यापेक्षा शकाराची बडबडच अधिक काळ कानांत घुमते. चारुदत्त हा शकारापेक्षा चांगला माणूस आहे हे विधान जितके निर्विवाद, तितकेच शकार हे चारुदत्तापेक्षा अधिक जिवंत पात्र आहे हे विधानही समर्थनीय आहे. यांतील कोणतेही एक मान्य केल्याने दुसऱ्याला बाध येत नाही.

‘एकच प्याल्या’त हीच फारकत तळीरामाच्या रूपाने समोर येते. आर्यमदिरामंडळाचा हा प्रवर्तक सुधाकराच्या नाशाचे निमित्त आहे. त्याचे समर्थन कोणी करीत नाही. तरीही तो रंगभूमीवर आला की प्रेक्षकागृह सैलावते. गडकऱ्यांच्या भाषेची सगळी मस्ती, कोटीमागून कोटी रचण्याची त्यांची हौस, तर्काला उलटे टांगून चालवण्याची त्यांची कला ही तळीरामाच्या तोंडी जशी शोभते तशी सुधाकराच्या तोंडी शोभत नाही. सुधाकराची भाषणे पुष्कळदा अलंकारांच्या ओझ्याखाली वाकतात. तळीरामाला मात्र अलंकार हे नशेसारखे चढतात. हे निरीक्षण आवडीचे नाही. कोणीही संहिता उघडून ते तपासावे, खोडून काढावे. ते खोडता येण्याजोगे आहे यातच त्याची वस्तुनिष्ठता आहे.

पात्र हे माणूस नसून शब्दांतून निर्माण होणारा एक परिणाम आहे, तेव्हा त्याच्याविषयी माणसासारखे बोलणेच गैर, असा आक्षेप येथे घेतला जाईल. एल. सी. नाइट्स यांनी लेडी मॅक्बेथला मुले किती होती असा उपरोधिक प्रश्न मथळ्यात घालून १९३३ साली ए. सी. ब्रॅडलीप्रणीत पात्रकेंद्री समीक्षेची जी खिल्ली उडवली, तिचे मर्म हेच होते. संहितेबाहेर पात्राला आयुष्य नाही ही गोष्ट खरी. पण संहितेत जे शब्द आहेत ते माणसाचेच चित्र उभे करतात, आणि ते चित्र माणसाचे म्हणून न वाचता येणाऱ्याला ते शब्दच कळले नाहीत असे होईल. रा. भा. पाटणकर यांनी ‘सौंदर्यमीमांसे’त (१९७४) कलाविचाराचे लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी असे दोन ध्रुव दाखवून दिले. व्यक्तिरेखा ही या दोन ध्रुवांच्या ताणात सापडलेली वस्तू आहे. केवळ पहिल्या ध्रुवाकडून पाहणारा सिंधूला पतिव्रता म्हणून गुण देतो. केवळ दुसऱ्याकडून पाहणाऱ्याला तिच्या मरणाचे काहीच वाटत नाही. दोघेही नाटक अर्धेच पाहतात.

आता क्रमवारीच्या शक्यतेकडे वळू. अनेक निकष मान्य केले आणि प्रत्येक निकषापुरते एकमतही झाले असे क्षणभर धरू. परंपरेत पूर्वी न आढळलेले वेगळेपण हा एक निकष घेतला, तर पांडुरंग सांगवीकर पहिला, कौतिक दुसरी आणि तळीराम तिसरा असा क्रम लागेल. दारूबाज विनोदी पात्राची जात गडकऱ्यांच्या आधीही होतीच. परिस्थितीतून उलगडत जाणारी अटळता हा निकष लावला तर कौतिक पहिली, दारूपायी संपणारा तळीराम दुसरा, आणि जिथून निघाला जवळजवळ तिथेच येऊन पोचणारा पांडुरंग तिसरा. विनोदशक्ती पाहिली तर तळीराम, मग पांडुरंग, मग कौतिक. आता बहुसंख्य निकषांचा कौल घ्यावा. पांडुरंग कौतिकपेक्षा वरचढ, कारण तीनपैकी दोन निकष तसे सांगतात. कौतिक तळीरामापेक्षा वरचढ, तेही दोन निकषांवर. म्हणजे पांडुरंग तळीरामापेक्षा वरचढ असावयास हवा. पण दोन निकषांवर तळीरामच पांडुरंगाच्या वर आहे. शिडी वळून स्वतःलाच मिळते. कोंदॉर्से या फ्रेंच विचारवंताने १७८५ साली मतदानाच्या संदर्भात हा पेच दाखवला आणि केनेथ ॲरो यांनी १९५१ मध्ये त्याला व्यापक सिद्धांताचे रूप दिले. मतदारांच्या जागी निकष ठेवले म्हणजे तोच पेच समीक्षेत उद्भवतो. तो चुकवावयाचा तर कोणत्या निकषाला किती वजन हे आधी ठरवावे लागेल. आणि ते वजन ठरवणारा आणखी एक निकष कोठून आणावयाचा?

अशा वेळी ही सर्व पात्रे ‘समान दर्जाची’ आहेत असे म्हणून सुटका करून घेण्याचा मोह होतो. तोही आवरला पाहिजे. कौतिक आणि तळीराम समान आहेत असे मानू. मग गडकऱ्यांनी तळीरामाला आणखी एक बहारदार प्रवेश दिला असता, त्याचे पात्र किंचित सरस झाले असते, तर तो ताबडतोब कौतिकच्या पुढे गेला असता. समान वजनाच्या दोन पारड्यांपैकी एकात चिमूटभर टाकले की ते झुकतेच. पण एका जादा प्रवेशाने तळीराम कौतिकपेक्षा श्रेष्ठ झाला असता असे कोणताही जाणता वाचक म्हणणार नाही. म्हणजे ती दोघे मुळात समानच नव्हती. ती एका पारड्यात तोलण्याजोगी नव्हती. जोसेफ रॅझ यांनी ‘द मोरॅलिटी ऑफ फ्रीडम’मध्ये (१९८६) जीवनमूल्यांच्या असममेयतेसाठी हा युक्तिवाद केला आहे, आणि तो येथे जसाच्या तसा लागू पडतो. निर्णय लागत नाही याचे कारण आपले अज्ञान नाही. लागण्याजोगा निर्णय तेथे नाहीच.

येथवर आलेला विद्यार्थी साहजिकच म्हणेल : मग उरली ती आवडच. डेव्हिड ह्यूमचा अभिरुचीच्या मानदंडावरील निबंध (१७५७) या घाईला उत्तम उतारा आहे. मिल्टन आणि ओगिल्बी यांना एका पंक्तीला बसवणे म्हणजे पर्वताची आणि उंदराने उकरलेल्या मातीच्या ढिगाची उंची सारखी मानण्यासारखे आहे, असे त्याने बजावले. अंतर मोठे असते तेव्हा आवडीची सबब चालत नाही. मात्र त्याच निबंधाच्या अखेरीस त्याने दोन गोष्टींना मोकळीक दिली. एक, माणसांच्या स्वभावातील भेद. दोन, देशकालपरत्वे बदलणारे आचारविचार. विशीत एक लेखक प्रिय होतो, चाळिशीत दुसरा, पन्नाशीत तिसरा, आणि यात कोणाचेच चुकत नाही; आवडता लेखक आपण मित्रासारखा निवडतो, असा त्याचा आशय आहे. ‘कोसला’ विशीत वाचणाऱ्याला पांडुरंग म्हणजे आपणच असे वाटते. तीच कादंबरी चाळिशीत पुन्हा उघडणाऱ्याला पांडुरंगापेक्षा त्याच्या वडिलांकडे अधिक वेळ पाहावेसे वाटते. पुस्तक तेच असते. मैत्रीची गणना होत नाही, आणि मित्राला पहिला क्रमांक देणारा माणूस मैत्रीचे काहीतरी चुकीचे वर्णन करीत असतो.

परंतु ह्यूमची मित्राची उपमा तो नेतो त्याहून थोडी पुढे न्यावयास हवी. मित्र स्वभावानुसार निवडला जातो, हे खरे. तथापि मित्र निवडण्यात चूक होऊ शकते. ज्या गुणासाठी आपण एखाद्याला जवळ केले तो गुण त्याच्यात नव्हताच असे पुढे कळते. आवडीला विषय असतो, त्या विषयाचे काही एक वर्णन आवडीत गृहीत असते, आणि ते वर्णन खरे किंवा खोटे ठरू शकते. चहा गोड आवडतो या आवडीत असे गृहीत वर्णन नसते. कान्टने सुखद आणि सुंदर यांत केलेला भेद येथे आठवावा : सुखदाविषयी ‘मला’ एवढे जोडले की पुरते, सुंदराविषयी बोलणारा इतरांच्या संमतीवर हक्क सांगत असतो. व्यक्तिरेखेची आवड या दोहोंच्या मध्ये कोठेतरी वसते. ती माझी असते, आणि तरीही ती कशाची आहे हे मला सांगता यावे लागते.

सिंधूच्या बाबतीत हा प्रश्न विशेष बोचरा होतो. सिंधू महाराष्ट्राला दीर्घकाळ प्रिय होती याबद्दल दुमत नाही. पण प्रिय होते ते नेमके काय? नाटक रंगभूमीवर येण्यापूर्वीच, जानेवारी १९१९ मध्ये, गडकरी निवर्तले; नाटकातील पदे वि. सी. गुर्जरांनी रचली, आणि प्रेक्षकांच्या मनात ठसली ती ठिगळांच्या लुगड्यातील बालगंधर्वांची सिंधू. म्हणजे ‘सिंधू आवडते’ या विधानाचा विषय गडकऱ्यांची संहिता, गुर्जरांची पदे आणि बालगंधर्वांचा गळा यांचे मिश्रण होता. संहितेच्या एकट्या वाचकाच्या हाती त्यातला एकच पदर येतो. ज्यांना ‘सिंधू’ आवडत होती त्यांची आणि आजच्या वाचकाची वस्तूच भिन्न असेल, तर त्यांच्यात खरा मतभेद झालेलाच नाही.

संहितेतला पदर मात्र चुकवता येत नाही. सिंधू माहेरची मदत नाकारते, लोकांची दळणे दळते, तान्ह्या मुलाला उपाशी पाहते. शेवटी सुधाकराच्या हातून मूल जाते, तिलाही मरणांतिक मार बसतो, आणि मरता मरता ती त्याला वाचवण्यासाठी खोटी जबानी देते. या जबानीला प्रेक्षकाने कसा प्रतिसाद द्यावा अशी नाटकाची अपेक्षा आहे? मृत मुलासाठी कोणी बोलावे असे नाटकाला वाटते का? रचना पाहता उत्तर संदिग्ध राहत नाही. त्या क्षणी सिंधू नाटकाच्या दृष्टीने सर्वांत उंच जाते, आणि तिच्यापुढे प्रेक्षकाने नमावे अशी भाषेची, प्रवेशाची, उशिरा जागलेल्या सुधाकराच्या पश्चात्तापाची एकत्र मागणी आहे. म्हणजे सिंधू आवडण्यासाठी एक नैतिक संमती द्यावी लागते. ही संमती जो देऊ शकत नाही त्याला नाटक कळले नाही असे म्हणता येत नाही. नीट कळले म्हणूनच तो ती देत नाही. निंद्य आचार निंद्य म्हणून न दाखवणे हे कृतीचे व्यंगच होय, असे ह्यूमने याच निबंधात म्हटले आहे. हा निर्णय त्याने अभिरुचीवर सोडला नव्हता, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

काळ वेगळा होता, हे उत्तर येथे दिले जाते. ते अर्धे खरे आहे. सिंधूचे आचरण समजण्यासाठी काळ उपयोगी पडतो; तिच्या आचरणाचे नाटकाने केलेले उदात्तीकरण योग्य ठरवण्यासाठी तो पुरत नाही. शिवाय तो काळही एकसुरी नव्हता. ह. ना. आपट्यांची यमू ‘पण लक्षात कोण घेतो?’मधून त्याच्या पंचवीसेक वर्षे आधी बोलू लागली होती, आणि तिचे सोसणे वाचकाकडून नमस्कार मागत नव्हते, उत्तर मागत होते.

कौतिककडे पाहिले म्हणजे हा फरक अधिक उमजतो. तीही सोसते. महादेव कमावता नाही, पुढे त्याला महारोग होतो, संसाराचा सारा भार तिच्यावर पडतो. पण कौतिक भांडते, चिडते, पोटासाठी हिशेब करते, आणि कधी कधी तिचा हिशेब चुकतो. शेळक्यांचा निवेदक तिच्या सोसण्याभोवती प्रभावळ उभी करीत नाही. तिचे कष्ट हे कष्टच राहतात, त्यांचे व्रत होत नाही. आणि ती बोलते वऱ्हाडी. उत्तम प्रकृतीला संस्कृत व इतरांना प्राकृत ही वाटणी मराठीतही निराळ्या रूपाने टिकून होती : नायक-नायिका प्रमाण भाषेत बोलणार, बोलीत बोलणारा गडी किंवा मोलकरीण हशा पिकवणार. ‘धग’मध्ये बोली कादंबरीच्या मध्यभागी येऊन बसली, आणि तिला हसण्याची सवय झालेल्या वाचकाला हसता येईना. कौतिक सिंधूपेक्षा श्रेष्ठ व्यक्तिरेखा आहे, असे विधान या आधारावर करता येते. सिंधूचे सोसणे आपल्याला दिसू नये इतके तेजस्वी करून ठेवले आहे, कौतिकचे सोसणे दिसते, असा त्या विधानाचा आशय. तो संहितेतून दाखवता येतो, आणि संहितेतूनच कोणी तो खोडून काढला तर मागे घेता येतो. सिंधूच्या जबानीत भक्तीपेक्षा भयाची छटा अधिक आहे, नाटक नकळत तीही टिपते, असे कोणी दाखवून दिल्यास या तुलनेचा पुनर्विचार करावा लागेल. असे वाचन अशक्य नाही. प्रयोगात एखाद्या अभिनेत्रीने ते करूनही दाखवावे.

हा ‘तर’भाव एवढ्यावरच थांबतो. त्यातून कौतिक हॅर्टापेक्षा वर की खाली हे निघत नाही. हॅर्टा ही हिटलरच्या जर्मनीतून परागंदा झालेली ज्यू तरुणी. बोटीवरच्या काही दिवसांच्या सहवासाइतकेच आयुष्य विश्राम बेडेकरांनी तिला कादंबरीत दिले आहे, आणि ते तेवढेच असण्यात तिचे सारे बळ आहे. कौतिकला वर्षे लागतात, हॅर्टाला दिवस पुरतात. एकीला दुसरीचे माप लावताच दोघींचेही नुकसान होते. सिंधू आणि कौतिक यांच्यात माप लागू शकले ते दोन्ही कृतींनी एकच प्रश्न हाती घेतला होता म्हणून. जेथे प्रश्न समान, तेथे उत्तरांची तुलना.

उरते ती गीता. तळीरामाची ही बायको ‘एकच प्याल्या’त थोडा वेळ दिसते, पण जिभेने तिखट आहे, आणि दारुड्याच्या बायकोने काय वाटून घ्यावे याविषयी सिंधूपेक्षा निराळे काही तिला वाटते हे तेवढ्यात कळते. आज नाटक वाचणाऱ्या पुष्कळांची, त्यांत विद्यार्थिनी अधिक, पसंती सिंधूकडून गीतेकडे सरकलेली दिसते. पसंतीचा हा प्रवास समजण्यासारखा आहे. पण गीतेला गडकऱ्यांनी पुरते घडवलेले नाही. तिच्या फटकळपणाचा त्यांनी मुख्यतः विनोदासाठी उपयोग केला, आणि ज्या ठिकाणी तिचे म्हणणे सिंधूच्या म्हणण्यासमोर खरोखर उभे राहावयाचे, त्या ठिकाणी नाटक सिंधूच्या मागे जाते. तेव्हा गीता आवडते असे म्हणणाऱ्याला संहितेतील गीता आवडते, की गडकऱ्यांनी न लिहिलेली गीता? दुसरे असेल तर ती आवड व्यक्तिरेखेची नसून नाटकाविषयीच्या तक्रारीची आहे. तक्रार रास्त आहे, पण तिच्या बळावर गीतेला सिंधूच्या वर बसवता येत नाही. सिंधूला त्या जागेवरून खाली मात्र घेता येते.